श्राद्धाच्या सकाळची गोळी

आमच्या तंजावरी मराठी घरात श्राद्धाच्या दिवशी ब्राह्मण जेवून उठेपर्यंत स्वयंपाक करणारीनं काही खायचं नाही, कॉफीसुद्धा घ्यायची नाही. कुंभकोणममध्ये सकाळची कॉफी सोडायची म्हणजे काय, ते इथल्याच माणसाला कळेल. अंगदुखीच्या गोळीला मात्र मोकळीक होती. औषधानं सोवळं मोडत नाही, हा निकाल सासूबाईंनीच दिलेला. माझे हात चालले नाहीत तर पाट्यावर उडीद कोण वाटणार? मी ओलेत्यानं, उपाशीपोटी चुलीपाशी उभी, आणि त्या विटाळ नको म्हणून हातभर लांबून दुखण्यावरची गोळी माझ्या तळहातावर टाकायच्या.

"घे मात्तिरै, आणि लाग कामास."

आधी श्राद्धापुरती होती, मग सणांना, मग कुठल्याही मंगळवारी. बोटं, गुडघे, खांदे, सगळंच ठणकायचं. ऐन मे महिन्यात मी शाल पांघरून बसायची, तेव्हा सासूबाई शेजारणीला ऐकू जाईल अशा बेतानं म्हणायच्या, "नाचतां येईना, आंगण वांकडें." मी हसून घ्यायची. त्या हसण्याची आज मला लाज वाटते.

एकदा स्वामीमलैला निघाले आणि एवढ्याशा प्रवासात बसमध्ये अशी झोपले की कंडक्टरनं शेवटच्या थांब्यावर हलवून उठवलं. दुसऱ्या दिवशी एकटीच डॉक्टरीणबाईंकडे गेले. रक्त तपासलं, थायरॉईड निघाला.

घरी खटला उभा राहायला वेळ लागला नाही. सासूबाई म्हणाल्या, "मात्तिरै गिळून गिळून आपल्या हातानें आणविलेंस हें." नवऱ्यानं मोबाइलवर कुठेसं तसंच वाचलेलं होतं, त्यामुळे पुरावाही झाला. आल्यागेल्याला तीच कथा सांगितली जायची: आमच्या सुनेला गोळ्यांचा नाद. गोळी देणारा हात कुणाचा होता, हे कुणी सांगत नव्हतं. मी चिडायची, पण मनातून धास्तावलेलीही होते. खरंच मीच ओढवून घेतलं असेल तर?

पुढच्या खेपेला डॉक्टरीणबाईंना सरळ विचारलं. त्या आधी रागावल्या. इतकी वर्षं रिकाम्या पोटी या गोळ्या खाल्ल्या, पोट आणि मूत्रपिंडं शाबूत आहेत हे नशीब समजा, म्हणाल्या. मग तमिळमध्ये सावकाश समजावलं. अशा काही गोळ्या मोठ्या प्रमाणात घेतल्या तर तपासणीचे आकडे थोडे हलू शकतात, पण तुमचा थायरॉईड त्यांनी मंदावलेला नाही. उलट तो मंदावला म्हणून अंग दुखत होतं. गोळीनं दुखणं झाकलं आणि आजार कळायला उशीर झाला, एवढंच.

चोर सोडून संन्याशाला सुळी, दुसरं काय. घरी येईपर्यंत मी वाक्यं जुळवत होते. आज बोलायचंच, असं ठरवलं होतं.

सासूबाई ओसरीवर तांदूळ निवडत होत्या, नवरा शेजारी बसलेला. मी उभ्याउभ्याच सगळं सांगितलं, एक शब्द गाळला नाही. नवरा मोबाइलमध्ये पाहू लागला. सासूबाईंचा सुपातला हात थांबला. त्यांच्या आवाजात टोमणा नव्हता, नुसतं आश्चर्य होतं.

"म्हणजे तुझें आंग खरेंच दुखत होतें कीं काय?"