दुप्पट पेरणी

प्रयोगशाळेत तिला सगळे पेरणीबाई म्हणायचे. ती पेरायची माणसाच्या जिवंत पेशी, आणि त्याही स्पंजासारख्या भोकाभोकांच्या साच्यात. थेंब सोडायचा, थांबायचं, साचा जरा फिरवायचा, मग पुढचा थेंब. अठरा वर्षं हेच काम. नवीन कुणी हात सैल सोडला की बाई खेकसायची, "अहो, दाटी कशाला करताय? बाहेरच्या पेशी सगळं खाऊन टाकतील आणि आतल्या गुदमरून मरतील!"

आणि नेमकी हीच बाई फसली बघा.

तिच्या धाकट्या भावाची श्वासनलिका अपघातात चिरडली. गळ्याला भोक, भोकात नळी. बोलायचं तर नळीवर बोट धरायचं. साच्यात नवी श्वासनलिका उगवायची म्हणून त्याच्या बरगडीच्या कूर्चेतून पेशी काढून वाढवल्या होत्या, दोन कुप्या भरल्या. एक पेरायला, दुसरी अडीनडीला.

प्रयोगशाळेचे साहेब म्हणाले, "घरच्या माणसाचं काम दुसऱ्याला द्या."

"छे! माझ्याशिवाय कुणाच्या हाताचा भरवसा?" ती हटूनच बसली.

पहिली कुपी संपली आणि तिची नजर दुसरीवर गेली. आईमागे तिनेच वाढवलेला भाऊ तो. एवढ्याशा पेशी त्याला कशा पुरतील? अठरा वर्षांची अक्कल गहाण टाकली आणि दुसरी कुपीही त्याच साच्यात रिकामी केली. कुणाला बोलली नाही.

तीन आठवडे नवी श्वासनलिका बाहेरून कशी छान दिसत होती, पांढरी, गुळगुळीत! साहेबांनी पाठ थोपटली. भाऊ रोज बोट धरून विचारायचा, "ताई, उगवलं का गं?"

मग तपासणीसाठी कडेचा तुकडा कापला. वर पेशींचा जाड थर आणि आत सगळं मेलेलं. पुन्हा बरगडी उघडण्याइतकं त्राण आता भावाच्या अंगात नव्हतं. डॉक्टरांनी तसं स्पष्टच सांगितलं.

तिने त्याच्यापासून लपवलं नाही, एवढं मात्र तिचं मानायला हवं. त्याच्या खाटेवर बसली.

"माझ्यामुळे गेलं रे. दुप्पट घातल्या मी. राखून ठेवलेल्यासुद्धा."

त्याने बोट नळीवर ठेवलं.

"आई गेल्यावर ताटात असंच वाढायचीस. पोट दुखायचं माझं. तुला वाईट वाटेल म्हणून कधी बोललो नाही. पण ताई..."

तिला हुंदका आवरेना. तिने त्याचा तोच हात ओढून आपल्या दोन्ही हातांत घट्ट धरला. तो पुढे काहीतरी सांगत होता. ओठ हलत होते, पण नळीवर बोट नव्हतं.