पश्चिमेच्या खिडकीवरची फॉइल

मृणालिनीला एका जागी बसवणं ब्रह्मदेवालाही जमलं नसतं. मूळची ठाण्याची. लग्न होऊन दुबईत अल मनखूलला आली आणि वर्षभरात सगळी बिल्डिंग म्हणायला लागली, या बाईच्या पायाला भिंगरी आहे. पण मंदीनं शहरातल्या क्रेन जागच्या जागी थांबवल्या, त्यानंतरची तिची चुळबुळ वेगळीच होती. नवऱ्याचं काहीतरी बिनसलंय एवढं तिला कळत होतं. काय ते तो सांगत नव्हता.

नवरा, दत्तप्रसाद, खिडक्या विकायचा. साध्यासुध्या नव्हेत हो! दोन काचा, मधे कोंडलेली हवा, आणि आतल्या बाजूनं डोळ्यांना न दिसणारा लेप. उजेड आत येतो, धग बाहेरच राहते. जुमेरा लेक टॉवर्समधल्या ऑफिसात तो काचेपलीकडे मोठा दिवा लावायचा, गिऱ्हाइकाचा हात काचेअलीकडे धरायचा आणि म्हणायचा, "बघा हबीबी, बाहेर भट्टी, आत गार!" आणि याच्या स्वतःच्या घरात? बेडरूमच्या पश्चिमेच्या खिडकीला पोळ्या गुंडाळायची फॉइल! दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच. भर दुपारी ट्यूबलाइट लावा, आणि एसी रात्रंदिवस घरघरतोय. लाइटबिल नऊशे दिरहम, म्हणजे जवळजवळ बारा हजार रुपये!

"अहो, ती ऊन अडवणारी सॅम्पलची फिल्म कपाटात नुसती पडलीय. काचेवर चिकटवून टाकू या की."

"फॉइलला हात लावू नकोस," तो खेकसायचा.

कधी आवाज न चढवणारा माणूस, आणि खेकसतोय कशावर, तर फॉइलवर! कंपनीची गाडी 'सर्व्हिसला' गेली ती गेलीच. संध्याकाळी घरी येई तेव्हा शर्ट घामानं पाठीला चिकटलेला. एसी ऑफिसात बसणाऱ्याला एवढा घाम कुठून येतो? समोरच्या शुभ्राच्या नवऱ्याची नोकरी गेली आणि ती मंडळी सामान विकून पुण्याला परतली, तेव्हा मृणालिनीनं सरळच विचारलं, "तुमचं ठीक आहे ना? परत जायचं तर जाऊ. पण माझ्यापासून लपवू नका."

"सगळं ओके आहे गं."

आणि लेक, ईश्वरी? "मम्मा, रिलॅक्स! यू वरी टू मच." रिलॅक्स म्हणे!

मे महिन्यातल्या एका सकाळी नवरा ऑफिसला गेला, लेक शाळेत गेली आणि मृणालिनीचं डोकं सणकलं. बास, खलास! स्टुलावर चढली, फॉइल टराटरा ओढली, चिकटपट्टीचे डाग सुरीनं खरवडले, साबणाचं पाणी मारलं. काच पुसता पुसता तिची नजर खाली गेली.

बिल्डिंगमागे वाळूचं पार्किंग होतं. सकाळी तिथे बिल्डिंगची सावली पडायची. त्या सावलीत, भाजीच्या उलट्या क्रेटवर दत्तप्रसाद बसला होता. गळ्यात टाय, मांडीवर लॅपटॉप. ऊन पायांपर्यंत आलं तसा तो उठला, क्रेट थोडा बिल्डिंगकडे ओढला आणि पुन्हा बसला. सावली आक्रसत चालली होती.

आधी तिला संताप आला. खाली जावं आणि चारचौघांत विचारावं, मी कोण लागते हो तुमची? मग त्यानं रुमालानं मान पुसली, आणि तिचा संताप ओसरला. बायकोला नि लेकीला गारव्यात ठेवून हा माणूस इथे, आपल्याच घराखाली भाजत बसलाय. आणि मी वरून बिलाची कटकट करतेय!

तिनं फोन लावला. खाली त्यानं घाईनं उचलला.

"मीटिंगमध्ये आहे गं. यल्ला, चल, नंतर बोलतो."

"वर बघा."

त्यानं मान वर केली. दुसऱ्या मजल्यावरच्या फॉइल नसलेल्या काचेमागे ती उभी होती, हातात ओलं फडकं. त्यानं लॅपटॉप मिटला.

"सांगणारच होतो," तो म्हणाला. "दुसरी नोकरी मिळाली की."

"ते सांगा सावकाश," ती म्हणाली. "आधी वर या. आत गार आहे."