सूर्याचे शेवटचे प्रकरण

भूपालआण्णांची आणि माझी पहिली ओळख भोपळ्याने झाली. बोरगावच्या शाळेत नववीला ते आम्हाला विज्ञान शिकवीत. 'मोठा तारा जास्त वर्षे जगतो' असे उत्तर मी लिहिले होते. सरांनी पेपर पुढे ठेवला. "इंधन जास्त म्हणून आयुष्य जास्त, व्हय गं? मोठा तारा लई उधळ्या असतोय. भराभरा जाळतोय आणि फुटतोय. बारका तारा काटकसरीनं जगतोय." एवढ्या एका चुकीसाठी त्यांनी मला आठवडाभर शाळा सुटल्यावर बसवून घेतले. तो राग अजून गेलेला नाही.

आण्णा पंच्याहत्तरीत आले म्हणून सत्कार समितीने गौरव अंकासाठी मला चार चांगले शब्द लिहायला सांगितले आहेत. लिहिते, पण यांच्याबरोबर काम करणे म्हणजे डोक्याला ताप आहे. ताऱ्यांच्या जन्ममृत्यूवरचे त्यांचे पुस्तक मी नऊ वर्षे टाइप करते आहे. प्रत्येक प्रकरण ते निपाणीत विड्या वळणाऱ्या बायकांना वाचून दाखवतात. बायकांचे हात गुंतलेले, कान मोकळे. एखादी "कळंना झालंय" म्हणाली, की अख्खे प्रकरण रद्द. प्राध्यापकांनी वाखाणलेली पाने त्यांनी अशी फाडली आहेत.

माझे वडील आजारी असताना हेच गृहस्थ महिनाभर बेळगावच्या दवाखान्यात डबा घेऊन येत. डब्याच्या पिशवीत दुरुस्तीचे कागद असायचेच.

शेवटचे प्रकरण सूर्याच्या मरणाचे. सूर्य फुगेल, लाल होईल, वरची आवरणे झडतील आणि उरलेला गाभा निवत जाईल. हे ऐकून शांताक्कांनी विडी वळता वळता विचारले, "मग त्येचं सुतक कुणी धरायचं?" या प्रश्नाचे उत्तर लिहिल्याशिवाय प्रकरण पुरे होत नाही, असा आण्णांचा हट्ट. दोन वर्षे झाली. यंदा डॉक्टरांनी हृदयाची शस्त्रक्रिया लांबवू नका म्हणून बजावले, तर यांचे एकच, "प्रकरण संपू दे." मी हात टेकले. शेवटी शांताक्कांपुढे जाऊन रडले.

त्या तडक आण्णांच्या घरी गेल्या. "सूर्याला अजून लई वर्सं हाईत. माझा प्रश्न ऱ्हाऊ दे तसाच. तुमचं सुतक आमाला धरायला लावू नगासा, आण्णा."

आण्णांनी बराच वेळ चष्मा पुसला. मग म्हणाले, "सत्कार झाला की दुसऱ्या दिवशी दवाखान्यात जाऊ."

हे मी मुद्दाम छापून घेते आहे, म्हणजे शब्द फिरवता येणार नाही. आण्णा, त्या दिवशी सकाळी आठला गाडी दारात येईल. कागद घरी ठेवा. ठणठणीत होऊन या, शंभरी गाठा, आणखी दहा प्रकरणे फाडा. मी कुरकुरत टाइप करीन. पुस्तक अपुरे राहिले तरी चालेल. तुम्ही राहा.