कृपाबाईंचं पहिलं कीर्तन

नगरकडच्या कर्जतजवळ आमच्या खेड्यात चर्चची घंटा कृपाबाई वाजवत. नवरा अब्राहाम शेतावर मोट हाकत असे. घरी शेळ्या होत्या आणि तक्रार कसलीच नव्हती. जात्यावरचं दळण संपलं तरी बाईंचं गाणं संपत नसे. तरीही त्यांनी एक ध्यास घेतला होता. त्यांना कीर्तन करायचं होतं, चारचौघांत उभं राहून, हातात चिपळ्या घेऊन! आमच्या मंडळीत ख्रिस्ती कीर्तनं होत, पण बाई कीर्तनाला उभी राहिल्याचं कुणी पाहिलं नव्हतं.

शेजारच्या भागूबाई म्हणाल्या, "सुखानं खातीस ना? मग कशाला ही उठाठेव?"

"पोट भरलं म्हनून नवं कालवण शिकायचं न्हाई व्हय?"

शेवटी त्यांच्या रोजच्या मागणीला मंडळीचे पंच गिदोनबाबा कंटाळले. "नाताळच्या दुपारी ऱ्हा उभी. रंगलं तर फुडचं बघू. फसलं, तर पुन्यांदा कीर्तनाचं नाव काढायचं न्हाई."

हे १९४६ साल. माझे यजमान गावच्या शाळेत मास्तर होते. मी कॉन्व्हेंटात पियानो शिकले होते, म्हणून पेटी माझ्याकडे आली.

"मास्तरीणबाई," कृपाबाईंनी बजावलं, "मी गाताना पळाले की तुमी बी पळा. मागं ऱ्हाऊ नका!"

त्या दुपारी मांडवात माणूस मावेना. शेजारच्या वस्त्यांवरचे मराठे, धनगरही आले होते. कृपाबाईंनी बेथलेहेमचे मेंढपाळ उभे केले ते थेट आमच्या माळावरचे, खांद्यावर घोंगडी टाकलेले. "देवदूत म्हनला, भिऊ नका. म्हातारा मेंढका म्हनतो, आमी न्हाई भ्यालो बाबा, पन मेंढरं उधळली, तेवढी तुमी आवरा!" धनगर मांड्या थोपटून हसले. मग गोठ्यातलं बाळ आलं आणि भागूबाईंनी पदर डोळ्यांना लावला. लय चढत गेली. मृदंग घुमू लागला, माझी बोटं पळत होती. कृपाबाईंनी दोन्ही हात वर केले, आणि लहानपणापासून गावच्या देवळातली कीर्तनं ऐकत आलेल्या त्या बाईंच्या तोंडून निघालं,

"पुंडलिक वरदेऽऽ"

"हरी विठ्ठल!" अख्खा मांडव गरजला. सगळ्यांत मोठा आवाज गिदोनबाबांचा.

आणि सगळेच चपापले. पेटी थांबली. कृपाबाईंनी जीभ चावून बाबांकडे पाहिलं. संपलं सगळं, मला वाटलं. तेवढ्यात चिपळ्या खणखणल्या.

"लई पळाले, मंडळी, शेजारच्या दारात शिरले! चला आता आपल्या घरी. बोला, प्रभू येशू ख्रिस्त की..."

"जय!" आता तर धनगरांनीही पागोटी उडवली.

गिदोनबाबा उठले. "कृपे, शेवट नीट पाठ करत जा."

"तुमी केलाय तसा का, बाबा?" मागून अब्राहाम ओरडला. हसणं आवरेना कुणाला. बाबांनाही नाही.

"बरं, बरं. ईस्टरला पुन्यांदा उभी ऱ्हा."

मी पेटी बंद करत विचारलं, "झालं ना आता समाधान?"

"समाधान कालबी हुतं, मास्तरीणबाई. ह्ये त्याच्यावरचं तूप." पदरानं घाम पुसत त्या बाबांच्या मागे निघाल्यासुद्धा. "बाबा, ओ बाबा! ईस्टर लई लांब हाय. त्याच्या आधी खर्ड्याला तुमच्या पुतणीचं लगीन हाय न्हवं?"