तिसरं नाव

जर्मनीत एकदाही पाऊल न टाकलेल्या माणसांमध्ये जर्मनी सगळ्यात जास्त पाहिलेला माणूस नागपुरात होता, आणि बारा वर्षं तो सीताबर्डीत माझ्या शेजारच्या खोलीत राहत होता. तिकडच्या एका शहराचा नकाशा त्यानं खाटेजवळच्या भिंतीला चिकटवला होता. सकाळी दात घासताना तो त्या शहरात हिंडून येई. स्वतः मात्र नागपुरातल्याच इतवारीत दर वेळी चुके. एकदा त्या शहरात दोन वर्षं राहून आलेला एक इंजिनिअर आमच्याकडे आला होता. नदीवरचा जुना पूल चर्चच्या डावीकडे लागतो, असं तो बोलता बोलता म्हणाला. माझ्या मित्रानं अतिशय नम्रपणे, पण चहा संपेपर्यंत न थांबता, त्याला समजावून सांगितलं की स्टेशनवरून पायी आलं तर पूल उजवीकडेच लागणार. शेवटी इंजिनिअरनंच माघार घेतली. जाताना तो मला हळूच विचारून गेला, हे तिथं किती वर्षं होते?

तो उमरेडच्या विणकराचा मुलगा. छप्पन साली बापाचं बोट धरून दीक्षेला आलेला. त्याच्या बापाची अक्षरओळख जेमतेम, पण मुलानं काय शिकावं याबद्दल त्याचं मत पक्कं होतं. ते मत माझा मित्र बापाच्याच आवाजात ऐकवी : "जे इथं कोणालेच येत नाही, ते शीक. मंग तुहं चुकलं म्हणाले कोणी राहणार नाही." बापाला बहुधा वकिली किंवा डॉक्टरकी अभिप्रेत असावी. मुलानं विद्यापीठात चौकशी केली आणि सगळ्यात रिकामा वर्ग शोधून काढला. तो जर्मनचा निघाला.

तिकडे जायचं हे पहिल्या दिवसापासून ठरलेलं होतं, फक्त कसं ते ठरायचं होतं. त्यामुळे तो तयारीत राही. तिकडची थंडी आपल्याला सोसेल की नाही ही त्याची मोठी काळजी होती, आणि नागपुरात थंडीचा अभ्यास करणं सोपं नाही. मग त्यानं बर्फाच्या कारखान्यातला उमरेडकडचा चौकीदार गाठला. मे महिन्यात, डांबर वितळत असताना, जुन्या बाजारातून घेतलेला लोकरी कोट हातावर टाकून तो दुपारी निघे आणि कारखान्यात कोट घालून पाव तास बर्फाच्या लाद्यांमध्ये बसून येई. पहिले दोन दिवस गल्लीनं त्याला वेड्यात काढलं. चौथ्या दिवशी गल्लीतले दोघं जण त्याच्याकडे आले आणि आम्हालाही जर्मन शिकायचं आहे म्हणाले. धडे बर्फातच होतील का, एवढीच त्यांची चौकशी होती.

वक्तशीरपणाही त्यानं जर्मनीतूनच आणला. समोरच्या घरच्या लग्नाच्या पत्रिकेत मुहूर्त दहा वाजून पाच मिनिटांचा होता. हा दहा वाजून पाच मिनिटांनी मांडवात उभा. मांडवात आचारी कांदे कापत होता आणि नवरदेव अंघोळीला गेला होता. यानं पाच मिनिटं वाट पाहिली, आहेराचं पाकीट आचाऱ्याच्या हाती सोपवलं, त्यालाच शुभेच्छा दिल्या आणि घरी आला. पुढे कितीतरी दिवस तो आचारी रस्त्यात भेटला की याला नमस्कार करी.

आईला मात्र त्याच्या या बेताची काळजी वाटे. जर्मनीचे दोन देश झाले आहेत हे तिला कोणीतरी सांगितलं होतं. उमरेडहून येताना ती ज्वारीचं पीठ आणि हा प्रश्न बरोबर घेऊन येई. "भावाभावाची वाटणी झाली म्हणते तिथं. मंग तू कोणाच्या घरी उतरशील गा?" तो तिला पुस्तकातल्या देशाच्या नकाशावर मधली हद्द कुठून जाते ते दाखवी. ती लक्ष देऊन पाही, आणि समजूत घालायला तिथं कोणी मोठं माणूस नाही काय, असं विचारी. या प्रश्नाचं उत्तर आपल्याला एकाही पुस्तकात सापडलं नाही, असं तो म्हणे.

बी.ए.ला त्यानं मलाही ओढून जर्मनला बसवलं होतं. मला वाचायला आवडे. पण वर्गात उभं राहून मोठ्यानं वाचायची वेळ आली की मी पहिल्याच शब्दाला अडे. तो शेजारी बसून पहिला शब्द पुटपुटे, आणि मग माझी गाडी कशीबशी सुरू होई. मी पास झालो, सुटलो, आणि कॉलेजच्या ग्रंथालयात नोकरीला लागलो. त्याला एम.ए. करायचं होतं. पण नियम असा होता की निदान तीन विद्यार्थी असल्याशिवाय वर्ग निघणार नाही, आणि त्यातला एक जरी गळाला तरी बंद होईल. तीन नावं जमायला सहा वर्षं गेली. तोवर तो उमरेडच्या शाळेत मास्तरकी करी, शनिवार-रविवार नागपूरच्या खोलीवर येई, आणि भेटेल त्या पदवीधराला जर्मनचं महत्त्व सांगे.

शेवटी दुसरं नाव रेल्वेतल्या एका पार्सल क्लार्कचं मिळालं. तिसरं नाव मिळवायला तो भिवापूरला गेला. तिथल्या एका मिरचीच्या व्यापाऱ्याची मुलगी जर्मन घेऊन बी.ए. झाली होती, आणि बापानं तिच्यासाठी स्थळं पाहायला सुरुवात केली होती. मिरचीच्या ढिगांमध्ये बसून, शिंकत, डोळे पुसत त्यानं दोन तास बापाशी वाद घातला. बाप नंतर सांगे की हा माणूस माझ्या मुलीच्या शिक्षणासाठी रडला. बापानं एवढंच कबूल केलं की वर्ग चालू आहे तोवर शिकू दे, वर्ग बंद पडला की लग्न. मुलगी दाराआडून ऐकत होती. निघताना त्यानं तिला सांगितलं, वर्ग बंद पडणार नाही.

त्याच आठवड्यात त्याला पत्र आलं. जर्मनीत वर्षभर शिकायला पाठवणाऱ्या एका शिष्यवृत्तीसाठी तो दर वर्षी अर्ज करी. तिची अट तिशीच्या आतली होती, आणि त्याला डिसेंबरमध्ये तीस वर्षं पूर्ण होणार होती. या खेपेला निवड झाली होती. सकाळी तो माझ्या खोलीत आला, पत्र माझ्या टेबलावर ठेवलं आणि खिडकीबाहेर पाहत राहिला. मी वाचलं. अभिनंदन करायला तोंड उघडणार तोच तो म्हणाला, "मी गेलो का दोनच नावं राहतात. माह्या जागी वर्गात तू येतो काय?"

मी म्हणालो, विचार करून सांगतो.

"तू काहून भिऊन राहिला गा? तुले येते ते."

मी पुन्हा म्हणालो, विचार करतो. एम.ए.च्या अर्जाला आठ दिवस होते. त्या आठ दिवसांत त्यानं हा विषय एकदाही काढला नाही. त्याच्या शाळेला सुट्टी होती, आम्ही रोज भेटलो, खानावळीत जेवलो. काटोलच्या एका संत्र्याच्या व्यापाऱ्यानं आपल्या जर्मन यंत्राबरोबर आलेलं माहितीपुस्तक त्याच्याकडे भाषांतराला आणून दिलं होतं, त्यावर हसलो. मी मनात रोज हो म्हणत होतो, आणि रोज त्या वर्गात उभा राहून गप्प होत होतो. नवव्या दिवशी सकाळी मी त्याच्या दारात जाऊन सांगितलं, मी तयार आहे.

"काल शेवटची तारीख होती," तो म्हणाला. आवाजात राग नव्हता. बर्फाच्या कारखान्यात लाद्या संपल्या आहेत, अशा सुरात त्यानं ते सांगितलं. आदल्या दिवशी कचेरी बंद व्हायच्या आधी त्यानं स्वतःचं नाव भरलं होतं. शिष्यवृत्तीला नकाराचं पत्रही टाकून झालं होतं. मग म्हणाला, "जर्मनी कुठं पळून जाऊन राहिली?" डिसेंबर आम्हा दोघांनाही ठाऊक होता.

ती मुलगी एम.ए. झाली, पहिली आली, पुढे तिकडे वर्षभर राहूनही आली. आता पुण्याला जर्मन शिकवते. तो इथंच राहिला. संध्याकाळचे वर्ग घेई, कारखान्यांची पत्रं भाषांतरित करून देई. माझ्याशी तो आधी होता तसाच वागला. निदान एकदा तरी तो मला बोलला असता तर बरं झालं असतं, असं मला अजून वाटतं.

गेल्या हिवाळ्यात काविळीनं तो गेला. महिन्याभरानं त्याच्या आईनं मला उमरेडला बोलावून घेतलं. तिला त्याच्या कागदांमधलं काही कळत नव्हतं. पेटी पुढ्यात सरकवून ती शेजारी बसली. वह्यांच्या खाली, घडी न घातलेला, एम.ए.च्या प्रवेशाचा एक अर्ज होता. अर्ज माझ्या नावाचा होता. माझं नाव, वडिलांचं नाव, जन्मतारीख, बी.ए.चे गुण, सगळं त्याच्या तिरप्या अक्षरात भरलेलं. ते आठ दिवस हा कागद त्याच्याजवळ होता, आणि त्यानं तो माझ्यापुढे केला नव्हता. सहीची जागा तेवढी कोरी होती. खाली एक रकाना होता : विषय निवडण्याचे कारण. त्यात त्यानं माझ्या वतीनं लिहिलं होतं, "आवड आहे. बोलून दाखवत नाही."

मी तोच रकाना पुन्हा वाचत होतो, तेव्हा त्याच्या आईनं विचारलं, काय लिहिलं आहे. माझ्याबद्दल आहे, मी म्हणालो.

"तुह्यावर लिहिलं हाये? मंग तूच ठेव बाबू," ती म्हणाली, आणि चहा ठेवायला आत गेली.