घडी मोडलेली गाडी

मामाजींच्या हातात कोणतीही वस्तू आली की ते आधी ती उलटी करत. वांगं असो, पितळी तांब्या असो की लग्नाची पत्रिका, पाठ पाहिल्याशिवाय तोंड पाहायचं नाही, हा त्यांचा नेम. मोहाडीत त्यांचं लुगड्यांचं दुकान होतं. विणकरानं मागावरून उतरवलेलं लुगडं समोर ठेवलं, की ते काठपदराकडे ढुंकूनही पाहत नसत. घडीत हात घालून उलटी बाजू वर काढायची, तिच्यावरून अंगठा फिरवायचा आणि मग म्हणायचं, "बस, चहा घे." चहा मिळाला नाही, तर विणकर काय ते समजून जाई.

मामाजी म्हणजे माझे सासरे. मला पाहायला आले तेव्हा बाकीचे सगळे माझ्या तोंडाकडे पाहत होते, आणि हे गृहस्थ मी भरलेला टेबलक्लॉथ उलटा करून मागच्या गाठी तपासत होते. मला असा राग आला की मी कपबशी जरा आपटूनच ठेवली. "मागून साफ हाये. होकार सांगून टाका," एवढं बोलून ते पोह्यांकडे वळले. माझे वडील ही गोष्ट ज्याला त्याला सांगत. पोहे उलटे करून पाहिले नाहीत हेच आमचं नशीब, असं वर जोडत.

"सुलटी बाजू गिऱ्हाइकासाठी असते बाई, उलटी मालकासाठी," असं ते मला पुढे शिकवत. त्यांचा दुसरा नेम घडीचा. नवं लुगडं पहिल्यांदा नेसणं म्हणजे त्याची घडी मोडणं, हे बायकांना सांगायला नको. तो मान घरातल्या लेकीसुनेला देतात. पण एकदा घडी मोडली की लुगडं जुनं झालं, आणि मामाजी ते परत घेत नसत. एका साहेबांच्या बायकोनं नेसून पाहिलेलं लुगडं रंग पटला नाही म्हणून परत आणलं, तेव्हा त्यांनी हात जोडले. "बाईसाहेब, तसंच दुसरं घेऊन जा. पन हे आता माह्या कपाटात जानार नाही." दुसरं दिलं, आणि पहिलंही बाईंच्याच पिशवीत कोंबलं. आम्ही घरात हसलो. ते हसले नाहीत.

आमच्या घरात गाडीचं नाव निघालं ते हौसेपायी नाही. माझं पहिलं बाळंतपण अडलं त्या दिवशी गावातली भाड्याची एकुलती एक जीप वऱ्हाड घेऊन करडीला गेली होती. तिची वाट पाहण्यात सकाळ गेली. शेवटी बैलांच्या छकड्यात गादी टाकून मला भंडाऱ्याला नेलं. मामाजी छकड्यात बसले नाहीत, माझ्या बाजूनं चाकालगत चालत राहिले. मुलगा होता. दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, तासभर आधी आणलं असतं तर. हे वाक्य त्यांनी बोलायला नको होतं. मी ते अजून विसरलेली नाही, आणि मामाजींनीही मरेपर्यंत टाकून दिलं नाही. घरी आल्यावर ते एवढंच म्हणाले, "गाडी घ्या लागते."

म्हणणं सोपं होतं. आणीबाणी उठून थोडीच वर्षं झाली होती. नवी गाडी तेव्हा पैसे मोजले आणि आणली, अशी मिळत नसे. नाव नोंदवायचं आणि नंबर लागण्याची वाट पाहायची. आमच्या यांनी नागपूरला नाव नोंदवलं आणि आम्ही वाट पाहू लागलो. दोन वर्षं झाली, गाडी आली नाही. मला मात्र पुन्हा दिवस गेले. भाद्रपदातला हिशेब होता.

मग घरात रोज वाद सुरू झाले. जेवणाच्या ताटावर सुरू होत आणि हात धुताना विझत, पण विझत म्हणजे राखेखाली जात. यांना नवीच हवी होती. एजंटनं पोळ्याच्या आत नंबर लावून देतो म्हणून सांगितलं होतं.

"पोऱ्याच्या आत येते म्हनते ना तो," हे म्हणत.

"आन् नाही आली तं?" मामाजी विचारत.

"आन् जुनी घेतली, ते रस्त्यात बंद पडली तं? नाल्याच्या पुरात?"

यावर मामाजी ताट सारून उठत. कारण जुनी गाडी त्यांच्याही गळ्याखाली उतरत नव्हती. "जिंदगीभर घडी मोडलेलं लुगडं घेतलं नाही, आन् आता घडी मोडलेली गाडी घरात आनू?" असं ते स्वतःशीच पुटपुटत. सासूबाई देवाला नवस बोलत, तोही दोन्हीकडून, नवी आली तर हा आणि जुनी आली तर तो. मी आतल्या खोलीत भिंतीला पाठ लावून हे सगळं ऐकत असे. रस्त्यानं एखादं छकडं गेलं, की चाकाचा आवाज विरेपर्यंत मी कानांवर हात दाबून धरी. सगळे माझ्याच जिवाची काळजी करत होते, आणि मला कोणी विचारत नव्हतं.

विचारलं ते मामाजींनीच. एके दुपारी दुकानातून मधेच उठून आले आणि दाराशी उभे राहून म्हणाले, "तुले काय वाटते, बाई?"

"मागच्या वेळी आपण वाटच पाहिली होती, मामाजी," मी म्हटलं.

त्यांनी मान हलवली आणि परत दुकानात गेले. दुसऱ्या दिवसापासून जुनी गाडी पाहणं सुरू झालं.

पाहणं कसलं, स्थळ तपासणंच ते. पहिली गाडी नागपूरची, आरशासारखी चकचकीत. मामाजी सरळ गोणपाट टाकून तिच्या खाली शिरले. बाहेर आले ते नाही म्हणूनच. "खालूनबी ताजा रंग हाये. उलटी बाजू कोनी रंगवते काय? ज्याले झाकाचं असन तोच रंगवन." दुसरी भंडाऱ्याची. तिच्या पायाखालची चटई त्यांनी उलटी केली, तर खाली चिखलाची सुकलेली रेघ. गाडी कधीतरी पुरात उभी होती. तीही गेली. मला तेव्हा सातवा संपत आला होता. हे चिडले. "बाबा, हे लुगडं नोहे."

"मले माहीत हाये," मामाजी म्हणाले. "लुगडं फाटलं तं रस्त्यात कोनी मरत नाही."

तिसरी तुमसरच्या एका भातगिरणीवाल्याकडची काळी अँबेसिडर. एक दार वेगळ्याच रंगाचं, मडगार्ड ठोकून सरळ केलेलं, टपावरचा रंग उडालेला. यांना ती पाहूनच लाज वाटली. मामाजी खाली शिरले, बराच वेळ त्यांची नुसती पावलं दिसत होती म्हणे. टोपीला ग्रीस लावून बाहेर आले. "हिचा रफू दिसते. जिथं फाटलं तिथं शिवलं, वरून रंग नाही मारला. हे घ्या."

गाडी घरी आली त्याचा किस्सा आमच्या गल्लीत पुष्कळ दिवस चालला. नवा ठेवलेला ड्रायव्हर सुखदेव एकटाच गाडी चालवत मोहाडीला आला, आणि गाडीचे मालक बापलेक मागून एसटीनं. मामाजींनी यांना गाडीत पाय ठेवू दिला नाही. "दुसऱ्यानं मोडली ते मोडली. आपल्या घरी हिची घडी दवाखान्यात जाताना सूनबाई मोडन. तवरिक कोनी बसाचं नाही."

जुन्या गाडीचं जुनेपण त्यांनी आपल्या मनापुरतं असं पुसून टाकलं. दुकानामागच्या टिनाच्या छपरीत ती उभी केली, वरून मांजरपाट पांघरलं, कपाटातल्या लुगड्यांत ठेवत तशी सीटवर कडुनिंबाची पानं पसरली. आषाढ सरला, श्रावण लागला. पाऊस हटेना. सुखदेव दोनदा तोंड उघडून बोलला. "मालक, गाडी रोज थोडी तरी चालवा लागते. उभी ठेवून चालत नाही."

"मले नको शिकवू," मामाजी म्हणाले. "माह्या कपाटात लुगडे सालभर राह्यतेत. एकाले तरी कसर लागली काय?"

पोळ्याच्या दिवशी सकाळीच मला कळा सुरू झाल्या. हिशेबाच्या आधीच. पोळ्याला बैल जुंपत नाहीत, त्यामुळे छकडं मागायची सोय नव्हती. पण मला भीती वाटली नाही. गाडी होती ना. सासूबाईंनी मला मागच्या सीटवर बसवलं. मामाजींनी स्वतः मांजरपाट ओढून काढलं. कडुनिंबाचा कडवट वास अंगावर आला. सुखदेवानं चावी फिरवली.

काहीच झालं नाही. त्यानं पुन्हा फिरवली. मग खाली उतरून हँडल मारलं, घाम येईस्तोवर मारलं. इंजिन एकदा खोकलं आणि गप्प झालं.

"बॅटरी उतरली, मालक," सुखदेव म्हणाला. "मी म्हनलो होतो."

मी काचेतून मामाजींकडे पाहिलं. त्यांचं तोंड पांढरं पडलं होतं. छकड्याबरोबर चालताना त्यांचा जो चेहरा होता तोच तो चेहरा होता, आणि तो पाहून मला पहिल्यांदा वाटलं की हेही मूल जाणार. सासूबाई माझा हात दाबत होत्या, मी सीटचं रेक्झिन नखांनी ओरबाडत होते.

मामाजी रस्त्यावर गेले आणि त्यांनी हाक मारली. जन्मात ज्यांनी कोणाला आवाज चढवून बोलावलं नाही, ते ओरडले. गल्लीतले विणकर सणाची नवी धोतरं नेसून बाहेर आले आणि तशीच चिखलात उतरले. हे गाडीच्या दाराशी, बाकीचे मागं. रस्ता तिथं सपाट, वर गुडघाभर चिखल. गाडी हलेना. तेव्हा मामाजींनी पाठ फिरवली. हमाल पोत्याला देतात तशी पाठ डिक्कीला दिली, टाचा चिखलात रोवल्या आणि रेटलं. मागच्या काचेतून मला फक्त त्यांची टोपी दिसत होती, थरथरणारी.

गाडी सरकली. बोडीच्या तळ्याकडे उतार लागतो तिथं तिनं वेग घेतला, सुखदेवानं गिअर टाकला, एक गचका बसला आणि इंजिन धडधडलं. हे पळत येऊन पुढं बसले.

"आता थांबवत नाही," सुखदेव ओरडला. "थांबली का मेली."

मी वळून पाहिलं. मामाजी चिखलात बसले होते. टोपी बाजूला पडली होती. एका हातानं ते आम्हाला जा, जा असं करत होते.

नाल्यावर पाणी चढू लागलं होतं, पण आम्ही निघून गेलो. रफू केलेली ती गाडी वाटेत एकदाही अडली नाही. दुपारी मला मुलगी झाली. डॉक्टरीणबाई त्याच होत्या. म्हणाल्या, या वेळी वेळेवर आणलंत. हे वाक्य मी जपून ठेवलं आहे.

मामाजी संध्याकाळच्या एसटीनं आले. एवढ्या उकाड्यात खांद्यावरून उपरणं घट्ट लपेटलेलं. सासूबाईंनी बाळ त्यांच्या हातात दिलं, तर या माणसानं ते सावकाश पालथं केलं. पाठीच्या कण्यावरून अंगठा फिरवला. "मागून साफ हाये," म्हणाले. मग तोंड पाहिलं, आणि रडू लागले. "माह्याच्यानं चुकलं, बाई. चालवाची वस्तू म्या घडी करून ठेवली."

त्यानंतर ती गाडी एक दिवसही उभी राहिली नाही. काम नसलं तरी सुखदेवानं सकाळी ती नाक्यापर्यंत नेऊन आणायची. गल्लीत कोणाची सून अवघडली, की तिचा नवरा आमच्या दारात येण्याआधी मामाजी त्याच्या दारात असत. कितीतरी पोरं त्या वेगळ्या रंगाच्या दारातून घरी आली. पुढच्या वर्षी नव्या गाडीचा नंबर लागला. मामाजींनी तो सोडून दिला. "ज्याले वाट पाहाची हौस हाये, त्याले देऊन टाका," म्हणाले. यांनी आठवडाभर अबोला धरला आणि मग तेही त्याच गाडीतून दुकानाचा माल आणू लागले.

ऐंशीचं दशक सरता सरता मामाजींना अर्धांगवायूचा झटका आला. अंथरुणावर पडून पाठीला फोड येऊ नयेत म्हणून त्यांना सारखं कुशीवर वळवावं लागे. सासूबाईंच्या हातात जोर उरला नव्हता. ते काम हे करत. हे माल आणायला गेले होते अशा एका दुपारी मी आणि सुखदेवानं त्यांना वळवलं आणि मी ओल्या फडक्यानं पाठ पुसायला घेतली. बंडीशिवाय त्यांना मी कधी पाहिलं नव्हतं. खांद्याच्या फऱ्याखाली एक लांब तिरपा व्रण होता, वेडावाकडा भरून आलेला.

"हे काय लागलं होतं, मामाजी?"

सुखदेव माझ्याकडे न पाहता म्हणाला, "डिक्कीची मूठ घुसली होती, बाई. पोऱ्याच्या दिवशी, गाडी रेटताना. मुठीले रक्त पाहून म्या इचारलं, तं कोनाले सांगू नको म्हने मले." सासूबाईंना त्यांनी कपाटाचा कोपरा लागला म्हणून सांगितलं होतं.

माझे हात थांबले. त्या संध्याकाळचं ते घट्ट लपेटलेलं उपरणं मला आठवलं. त्या पाठीनं ते एसटीत बसून आले होते.

"मले काहून नाही सांगितलं?" मी विचारलं.

त्यांची जीभ जड झाली होती. शब्द जुळवायला वेळ लागला. "उलटी बाजू... गिऱ्हाइकाले दाखवत नाही, बाई."

"मी काय गिऱ्हाईक आहो तुमचं?"

ते म्हणाले, "नाही. तू घरची मालकीन. पाहून घे."

त्यानंतर ते फार दिवस राहिले नाहीत. पण त्या दुपारी मी फडकं बाजूला ठेवलं, त्या व्रणावरून वरपासून खालपर्यंत अंगठा फिरवला, आणि त्यांना ऐकू जाईल असं सांगितलं, "मागून साफ हाये, मामाजी."