वरचा निखारा

आमच्या गोदूवैनी नाकावर माशी बसू देत नाहीत. माझ्या थोरल्या जाऊबाई, त्यामुळे तोंडावर बोलायची सोय नाही, म्हणून इथे सांगते. दिवेआगरात आमची नारळी-पोफळीची वाडी. वादळात निम्मी वाडी आडवी झाली, तेव्हा मोकळ्या झालेल्या जागेत पाहुण्यांसाठी खोल्या बांधल्या. त्या खोल्या झाडायच्या मी, चादरी बदलायच्या मी, नारळ खवायचे मी. चूल मात्र वैनींची. मी लग्न होऊन आले तेव्हा त्यांनी माझ्या हातात विळी दिली, ती अजून सुटलेली नाही. पाहुणे निघताना गोदूकाकींच्या हाताची चव नावाजतात आणि मी शेजारी उभी राहून हसते. हसावंच लागतं.

त्यांचा मुलगा ऋत्विक काही वर्षं अलिबागला हॉटेलात होता. आता परत येऊन खोल्यांचं सगळं तोच बघतो. दिवाळीनंतर एकदा जेवता जेवता म्हणाला, "आई, हल्ली पाहुण्यांना वेगवेगळं खायला लागतं. श्रीवर्धनचा एक स्वयंपाकी आहे, त्याला ठेवूया. तू आता बस."

वैनींचा वाढता हात थांबला. "बस म्हणजे कुठं?"

"म्हणजे आराम कर."

"मी दमले असं तुला म्हटलं?"

ऋत्विकने फोन पुढे केला. पुढच्या आठवड्यात मुंबईच्या हेतलबेन येणार होत्या. त्यांच्या वडिलांचा वाढदिवस, आणि त्यांना आवडतं ते ग्रॅटिन. म्हणजे बटाट्याच्या पातळ चकत्या नि भाज्या, थरावर थर, मध्ये दुधासायीचं दाट मिश्रण, वर चीज, आणि वरून तांबूस होईपर्यंत भाजायचं. "हे तुला जमायचं नाही, म्हणून म्हणतो," तो म्हणाला.

"जमंल. बिघडलं तर आण तुझा माणूस. मी परत चुलीला हात लावणार न्हाय."

मी मनात म्हटलं, हे म्हणजे हात दाखवून अवलक्षण. पण वैनींच्या तोंडून शब्द गेला की गेला.

वाढदिवसाच्या दिवशी बटाटे चिरायला अर्थातच मी बसले. वैनींनी सांगितलं होतं तसे कातरलेल्या सुपारीइतके पातळ चिरले आणि चिरलेले पातेल्यातल्या पाण्यात टाकत गेले. बटाटा काळा पडतो, पाण्यात टाकायचा, हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. शेवटचा बटाटा संपला आणि ऋत्विक फोन वाचत आत आला.

"काकी, हे काय केलंत? याचे बटाटे पाण्यात टाकायचे नसतात. त्यांच्या चिकावरच तर दूध दाट होतं. आता सगळं पाणचट होणार."

घरात एक बटाटा उरला नव्हता, दुकानातला माल दुपारीच संपला होता. खोटं कशाला बोलू, वैनींची चूल जावी असं माझ्या मनात कितीदा तरी येऊन गेलं होतं. पण ती माझ्या हातून जायची वेळ आली तेव्हा मला रडू फुटलं.

"रडतेस काय? पातेलं हलवू नको," वैनी म्हणाल्या.

त्यांनी चकत्या हलक्या हाताने वर काढल्या, जुन्या सुती लुगड्यावर पसरून कोरड्या केल्या. पाणी तसंच निवळत ठेवलं. तेवढ्यात गाजर, फरसबी आणि फ्लॉवर वाफवून घेतले. मग पातेलं तिरकं करून वरचं पाणी हळूहळू ओतून दिलं. तळाशी पांढराशुभ्र चीक बसला होता.

"फेण्यांच्या पापडांचे तांदूळ वाटून ठेवतेस तेव्हा वरचं पाणी ओततेस, चीक ओततेस काय?" त्यांनी मला विचारलं, पण बघत होत्या ऋत्विककडे.

तो चीक त्यांनी दुधात कालवला. सायीसकट दूध, ठेचलेला लसूण, मिरी. वादळातून वाचलेल्या आमच्या एकुलत्या जायफळाच्या झाडाचं जायफळ किसून घातलं. मंद आचेवर ढवळता ढवळता दूध पळीला धरायला लागलं तेव्हा कुठे माझा जीव भांड्यात पडला.

ओट्यावर ऋत्विकने खास आणलेला ओव्हन पुसून ठेवला होता. वैनींनी त्याच्याकडे ढुंकून पाहिलं नाही. त्यांनी धोंडसाचं जाड बुडाचं पातेलं काढलं. धोंडस म्हणजे काकडीचा गोड केक, तो आमच्याकडे वर-खाली निखारे ठेवूनच भाजतात, त्याला कसला ओव्हन नि काय. पातेल्याला आतून लोणी फासून बटाटा, भाजी, दूध असे थर लावले, वर चीज किसलं, जाड झाकण ठेवलं. मग करवंट्या पेटवून त्यांचे निखारे केले. थोडे खाली, बरेचसे झाकणावर.

"आई, अंदाजाने कसं कळणार? उघडून बघ तरी," ऋत्विक सारखा घिरट्या घालत होता.

"वास येतोय. अजून दुधाचा येतोय. भाजल्याचा आला की बघू."

तो वास आला तेव्हा अंगणात बसलेले पाहुणेसुद्धा बोलायचे थांबले. वैनींनी चिमट्याने निखारे बाजूला सारले, झाकण उचललं. वर तांबूस खरपूस साय आणि कडेने बुडबुडे. सुरी घातली तर लोण्यात गेल्यासारखी गेली.

हेतलबेनच्या वडिलांनी एकदा घेतलं, दुसऱ्यांदा घेतलं, मग पातेलंच जवळ ओढून कडेची खरवड खरवडून खाल्ली. "कोणी केलं हे?" त्यांनी विचारलं. ऋत्विकने सांगितलं, "आमच्या आईने." त्याचा आवाज एवढा मोठा होता की स्वयंपाकघरात आम्हा दोघींना ऐकू आला. उद्याही हेच करा, अशी हेतलबेननी फर्माईश केली.

पाहुणे उठल्यावर ऋत्विक आत आला. "आई, मी माणूस आणत नाही."

"आण की."

वैनी चुलीजवळून उठल्या, भिंतीला धरून, सावकाश.

"माझे गुडघे गेले ते मला काय कळत न्हाय? पण चूल सोडायची ती मी सांगीन तेव्हा. तू मला बस म्हणायचं न्हाय."

"चुकलं माझं," ऋत्विक म्हणाला. "मग श्रीवर्धनला फोन करू?"

"श्रीवर्धनला कशाला? माणूस घरात हाय." आणि त्यांनी चिमटा माझ्या हातात दिला. "सुचिता, उद्याचा निखारा तू ठेवायचा. मी खुर्चीत बसून चिरून देते."

इतकी वर्षं मनातल्या मनात ज्या बाईशी भांडले, तिच्या पाया पडावंसं वाटलं. पडले असते तर म्हणाल्या असत्या, गुडघे माझे गेलेत, तू कशाला वाकतेस.

दुसऱ्या दिवशी मी झाकणावर निखारे ठेवायला लागले. मागून खुर्चीतून आवाज आलाच. "जास्त झाला."

मी वळून पाहिलं नाही. अजून दोन निखारे ठेवले. "वैनी, तुम्ही कांदा चिरा," मी म्हटलं.

त्या मुकाट्याने कांदा चिरायला लागल्या.